कांटचा तहनामा

हॉलंडांतील एका खाणावळवाल्यानें आपल्या दारावरील पाटीवर दफनभूमीचें चित्र काढविलें होतें आणि वर ‘शाश्वत शांतता’ असें नांव घातलें होतें. ह्या थट्टेचा रोख सर्वच माणसांवर आहे, कीं युद्धाला कधीं न कंटाळणाऱ्या राजांवर आहे, कीं शांततेचीं गोड स्वप्नें पाहणाऱ्या तत्त्वज्ञांवर आहे, हें आपण ठरवीत बसत नाहीं, असें म्हणून इमॅन्युएल कांटनें एका लहानशा पुस्तकास आरंभ केला, आणि पाटीवरचेंच नांव त्यास दिलें. हें पुस्तक इ. स. १७९५ सालीं कोनिग्सबर्ग येथें प्रसिद्ध झालें. कांटचें वय त्या वेळीं एकाहत्तर वर्षांचें होतें. त्याचे तीन मोठे मीमांसाग्रंथ ज्यांना डोंगराएवढे वाटतात त्यांनींही एका बैठकींत वाचून पुरें करावें, इतकें हें आटोपशीर आहे. आमच्या महाविद्यालयांतून कांट शिकविला जातो तो बहुधा ज्ञानमीमांसेपुरता आणि नीतिशास्त्रापुरता. ह्या पुस्तकाची ओळख परीक्षेच्या टिपणांतील चार ओळींपलीकडे सहसा जात नाहीं. २०२४ सालीं त्याच्या जन्मास तीनशें वर्षें पुरीं झालीं. त्यानंतर हें पुस्तक पुन्हां एकदां सावकाश वाचलें, आणि मराठी वाचकाशीं त्याचें असलेलें नातें केवळ विद्वत्तेचें नाहीं अशी माझी खात्री झाली. तें नातें कोणतें, आणि पुस्तकाचें बळ कोठें व दुबळेपणा कोठें, हें सांगण्याचा ह्या लेखांत प्रयत्न आहे.

पुस्तकाची घडण तहनाम्यासारखी आहे. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत प्रशिया आणि क्रांतिकारक फ्रान्स यांच्यामध्यें बाझेल येथें तह झाला होता, आणि तहांचा मसुदा कसा असतो हें सर्व यूरोपास तोंडपाठ होतें. कांटनें तोच साचा उचलला: प्रथम सहा प्राथमिक कलमें, मग तीन निर्णायक कलमें, मग पुरवण्या व परिशिष्टें. तत्त्वज्ञानें मुत्सद्द्याचा अंगरखा घालून दरबारांत यावें तसा हा प्रकार आहे. परंतु अंगरखा थट्टेचा असला तरी आंतील मजकूर थट्टेचा नाहीं. पुढील युद्धाचें बीज मनांत राखून केलेला तह हा तहच नव्हे, ती केवळ लढाईची तहकुबी होय, असें पहिलें कलम. कोणतेंही स्वतंत्र राज्य वारसा, अदलाबदल, खरेदी किंवा देणगी ह्यांपैकीं कोणत्याही मार्गानें दुसऱ्या राज्यानें मिळवूं नये, हें दुसरें. खड्या फौजा कालांतरानें मोडाव्या, परराज्याशीं झगडण्यासाठीं राष्ट्रीय कर्ज काढूं नये, दुसऱ्याच्या राज्यकारभारांत बळानें हात घालूं नये, आणि युद्ध चालू असतांही मारेकरी घालणें, विषप्रयोग, फितुरी असलीं कृत्यें करूं नयेत, कारण त्यांनीं पुढील विश्वासाचा पायाच उखडला जातो. ह्या शेवटच्या कलमांत सारें शहाणपण एकवटलें आहे असें मला वाटतें. शत्रूशीं उद्यां तह करावयाचा आहे ही जाणीव ठेवून आज त्याच्याशीं लढावें, असा त्याचा अर्थ होतो.

आतां मराठी वाचकानें ह्या कलमांवर क्षणभर थांबावें. ज्या १७९५ सालीं हें पुस्तक निघालें त्याच सालच्या मार्चमध्यें खर्ड्याची लढाई झाली. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले एका निशाणाखालीं उभे राहिल्याचा तो शेवटचा प्रसंग. ऑक्टोबरांत सवाई माधवराव गेले, आणि पुढील सात वर्षांत घरांतल्या भांडणानें पुण्याची अशी दशा केली कीं यशवंतराव होळकरापुढून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावानें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस इंग्रजांशीं तह केला. कंपनीची सहा हजारांची फौज आपल्या राज्यांत ठेवून घ्यावयाची, तिच्या खर्चासाठीं २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा, आणि दुसऱ्या कोणत्याही सत्तेशीं कंपनीला विचारल्यावांचून बोलणें करावयाचें नाहीं, असें त्याचें स्वरूप. ह्या तहाच्या मथळ्यांतही ‘शाश्वत’ हा शब्द आहे. वर्ष संपण्याच्या आंत असईची लढाई झाली.

कांटनें दुसऱ्या कलमाच्या स्पष्टीकरणांत आणखी एक गोष्ट सांगितली आहे. जो दोघांचाही शत्रु नाहीं अशाच्याविरुद्ध लढण्यासाठीं एका राज्यानें आपली फौज दुसऱ्यास भाड्यानें देणें, हेंही तो त्याच सदरांत घालतो. कारण त्यांत माणसांचा उपयोग वस्तूंप्रमाणें होतो. त्याच्या डोळ्यांपुढें जर्मन संस्थानिकांनीं विकलेले शिपाई होते. परंतु तैनाती फौजेची पद्धति, तिजपासून निघणारा परराज्यांतील हस्तक्षेप, आणि मुलूख हा जिंदगीप्रमाणें तोडून देण्याची रीत, हीं तिन्ही ज्या सूत्रांत गुंफलेलीं आहेत तें सूत्र त्यानें वसईच्या आधीं सात वर्षें पकडलें होतें. इतिहासाच्या पुस्तकांतून ‘तैनाती फौज’ हा शब्द आपण घोकला. त्यांतील अन्याय नेमका कोणत्या तत्त्वाचा भंग आहे हें मात्र आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं.

हिंदुस्थानचें नांव तर पुस्तकांत प्रत्यक्षच आलें आहे. तिसऱ्या निर्णायक कलमांत कांट जागतिक नागरिकत्वाचा हक्क सांगतो, आणि तो अतिथीच्या हक्कापुरता मर्यादित करतो. पृथ्वी वाटोळी आहे, माणसांस तिच्यावर अनंत अंतरावर पांगतां येत नाहीं, तेव्हां परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्यास शत्रु समजूं नये. पण त्याला भेटीचा हक्क आहे, ठाण मांडण्याचा नाहीं. येथें तो यूरोपांतील व्यापारी राष्ट्रांवर जो तुटून पडतो तसा त्या काळांतला दुसरा थोर जर्मन पंडित क्वचितच पडला असेल. व्यापाराच्या वखारी घालण्याच्या निमित्तानें ह्यांनीं हिंदुस्थानांत परकी फौज आणली, देशी लोकांना दडपलें, तेथील राज्यांत युद्धें पेटविलीं, दुष्काळ, बंडें, विश्वासघात यांची परंपरा लावली, असें तो लिहितो. आणि चीन व जपान ह्यांनीं ह्या पाहुण्यांस उंबरठ्यावरच थोपविलें तें शहाणपणच केलें असा अभिप्राय देतो. पूर्व प्रशियाबाहेर जो जन्मांत गेला नाहीं त्या माणसानें हें लिहावें, ह्याचें वाचकास नवल वाटल्यावांचून राहत नाहीं.

पण ह्याच ठिकाणीं कांटशीं भांडणही सुरू होतें. तिसऱ्या कलमांत ज्या व्यापाऱ्यांस त्यानें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें, त्यांनाच पहिल्या पुरवणींत तो शांततेचे जामीन म्हणून पुढें आणतो. निसर्ग माणसाला भाषेनें व धर्मानें विभक्त ठेवतो, आणि स्वार्थानें एकत्र आणतो. व्यापाराची वृत्ति युद्धाशीं फार काळ नांदूं शकत नाहीं आणि ती पुढेंमागें प्रत्येक राष्ट्राचा कबजा घेते, म्हणून राज्यांस इच्छा नसली तरी शांतता राखावी लागेल, असा त्याचा युक्तिवाद आहे. ईस्ट इंडिया कंपनी काय व्यापाराच्या वृत्तीवांचून आली होती? तिनें युद्धें केलीं तीं व्यापाराच्याच हिशेबानें केलीं, आणि तो हिशेब बराच काळ जमला. समबलांमधला व्यापार शांततेकडे नेत असेल. विषम बलांमधला व्यापार कोठें नेतो हें कांटला ठाऊक होतें, कारण त्यानें स्वतःच तें वीस पानें अलीकडे लिहिलें होतें. दोन मजकुरांचा मेळ त्यानें घातला नाहीं.

दुसरें भांडण पहिल्या निर्णायक कलमाशीं आहे, आणि तें अधिक महत्त्वाचें आहे. प्रत्येक राज्याची घटना प्रजासत्ताक असावी, असें तें कलम. (कांट प्रजासत्ताक आणि लोकशाही ह्यांत भेद करतो, प्रतिनिधि नेमून कायदा करणारे व तो अंमलांत आणणारे वेगळे ठेवले पाहिजेत, हें त्याच्या मतें प्रजासत्ताकाचें मर्म.) कारण सरळ आहे. राजा युद्ध पुकारतो तेव्हां त्याच्या मेजवान्या, शिकारी, वाडे यांपैकीं कांहीं कमी होत नाहीं. परंतु ज्यांना स्वतः लढावयाचें आहे, स्वतःच्या खिशांतून खर्च सोसावयाचा आहे, आणि मागून कर्जाचें ओझें वाहावयाचें आहे, त्यांची संमति घ्यावी लागली तर ते दहा वेळां विचार करतील. तर्क मोठा आकर्षक आहे. पण १९१४ सालीं काय झालें? ४ ऑगस्ट रोजीं जर्मन प्रतिनिधिसभेनें युद्धाचें कर्ज मंजूर केलें, आणि ज्या समाजवादी पक्षानें जन्मभर युद्धाचा निषेध केला त्यानेंही अनुकूल मत दिलें. लढणारा स्वतःच्या हिताचा हिशेब नेहमीं करतोच असें नाहीं. अभिमान, भीति, सूड ह्यांचा आंकडा त्या वहींत कांटनें धरला नव्हता.

तरी हा आक्षेप नवा नाहीं. तो पुष्कळांनीं घेतला आहे. मला जो आक्षेप घ्यावासा वाटतो तो असा. कांटचा तर्क, युद्धाचा निर्णय घेणारा आणि त्याची किंमत देणारा एकच असेल तेथेंच चालतो. प्रजासत्ताकाच्या ताब्यांत दुसरा देश असला कीं हा दुवा तुटतो. त्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापार पाठविण्यांत आलीं, सुमारें चौऱ्याहत्तर हजार परत आलीं नाहींत, आणि १९१७ सालीं हिंदुस्थानच्या तिजोरींतून दहा कोटी पौंड ‘देणगी’ म्हणून ब्रिटनला देण्यांत आले. ह्यांतील एकाही गोष्टीला हिंदी जनतेची संमति कोणीं विचारली नव्हती. लंडनची पार्लमेंट-सभा कांटच्या कसोटीस बऱ्याच अंशीं उतरली असती. तिला जबाबदार असलेल्या सरकारानें युद्ध पुकारलें, आणि किंमतीचा एक मोठा भाग ज्यांस मत नव्हतें त्यांनीं दिला. देशाच्या आंतही हीच गोष्ट आहे. कांटच्या राज्यव्यवस्थेंत स्त्रियांना आणि दुसऱ्याच्या चाकरीवर जगणाऱ्यांना मत नाहीं. ज्यांचीं मुलें रणांगणावर जाणार त्या आयांना वगळून त्यानें संमतीचा हिशेब मांडला, हें ह्या नीतिवाद्याच्या हातून कसें झालें, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडलाच पाहिजे.

आणखी एक जागा आहे. दुसऱ्या कलमाचा अंमल तांतडीनें झालाच पाहिजे असें नाहीं, ज्यांचें स्वातंत्र्य हिरावलें आहे त्यांस तें परत देण्यास परिस्थिति पाहून विलंब लावतां येईल, अशी सवलत कांट देतो. विलंब म्हणजे कधींच नाहीं असें मात्र होतां कामा नये, असेंही बजावतो. पण किती विलंब, आणि तो ठरविणार कोण, ह्याविषयीं एक अक्षर नाहीं. आणि परतफेड न झाल्यास प्रजेनें उठावें कीं काय, ह्या प्रश्नावर तर बंडाचा हक्क कोणासही नाहीं असें त्याचें उत्तर तयारच आहे. पुण्यावर परकें निशाण १८१७ च्या नोव्हेंबरांत लागलें, तें १९४७ च्या ऑगस्टांत उतरलें. ह्या अवधीस कांटच्या शब्दकोशांत कोणतें नांव द्यावयाचें?

राष्ट्रांच्या संघाचें दुसरें कलम सर्वांच्या परिचयाचें, म्हणून त्यावर थोडकेंच लिहितों. एकच जागतिक राज्य नको, त्यांतून निर्जीव जुलूम निपजेल. स्वतंत्र राज्यांनीं युद्ध टाळण्यासाठीं संघ करावा, आणि तो हळूहळू वाढावा, एवढेंच कांट मागतो. १९२० चा राष्ट्रसंघ आणि १९४५ चा संयुक्त राष्ट्रसंघ ह्या दोघांचें गोत्र येथें लावण्यांत येतें, आणि तें अंशतः बरोबर आहे. मात्र पांच बड्या राष्ट्रांस नकाराचा खास अधिकार देणारी संस्था कांटनें आपली म्हणून ओळखली असती असें वाटत नाहीं. त्याच्या स्वतःच्या नगराचें काय झालें तें सांगून पुढें जातों. १९४४ च्या ऑगस्टांत विमानांनीं कोनिग्सबर्ग जाळलें, १९४५ च्या एप्रिलांत रशियन फौजेनें तें घेतलें, १९४६ सालीं त्याचें नांवही बदललें. मोडक्या चर्चच्या भिंतीला लागून असलेलें कांटचें थडगें तेवढें राहिलें.

आतां ह्या पुस्तकांतील सर्वांत धीट विधानाकडे वळूं. राज्य स्थापण्याचा प्रश्न सैतानांच्या समाजालाही सोडवितां येईल, मात्र त्या सैतानांना अक्कल हवी, असें कांट म्हणतो. माणसें सुधारण्याची वाट पाहावयाची नाहीं. स्वार्थाला स्वार्थाच्या समोर असा उभा करावयाचा कीं दोन्ही एकमेकांस अडवतील आणि परिणाम सज्जनांच्या समाजासारखाच निघेल. हें वाक्य वाचतांना मराठी माणसाला पसायदान आठवल्यावांचून राहणार नाहीं. ज्ञानेश्वरांनींही दुष्टांचा संहार मागितला नाहीं, हें खरें. पण त्यांनीं जें मागितलें तें कांटच्या अगदीं उलट. दुष्टांचें दुष्टपणच गळून जावें आणि त्यांस सत्कर्माची गोडी लागावी, ही त्यांची याचना. एक म्हणतो, मन जसें आहे तसेंच राहूं द्या, चौकट नीट बांधा. दुसरा म्हणतो, मन पालटूं द्या, चौकटीची गरजच उरणार नाहीं. धर्म आणि तत्त्वज्ञान ह्यांच्यामधला शांततेविषयींचा सारा वाद ह्या दोन वाक्यांत येऊन बसतो.

मनाच्या पालटाचें सर्वांत मोठें ऐतिहासिक उदाहरण म्हणजे अशोक. कलिंगाच्या युद्धांत एक लाख माणसें मारलीं गेलीं, दीड लाख देशोधडीस लागलीं, त्याहून कितीतरी अधिक मेलीं, असें त्यानें स्वतः तेराव्या शिलालेखांत कोरून ठेवलें, आणि पश्चात्तापही कोरला. जगांत दुसऱ्या कोणत्या विजेत्यानें हें केलें? त्याच्या लेखमालेचा एक तुकडा १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजींना आपल्या सोपाऱ्यास सांपडला, म्हणजे ही वाणी आमच्या किनाऱ्यापर्यंत पोंचली होती. परंतु दोन गोष्टी डोळ्यांआड करतां येत नाहींत. एक, त्याच लेखांत अरण्यवासी लोकांस तो समज देतो कीं राजा पश्चात्तापी असला तरी त्याच्या अंगीं शक्ति आहे. दुसरी अधिक बोचणारी: धौली आणि जौगड येथें, म्हणजे खुद्द कलिंगांत, हा तेरावा लेख कोरलेलाच नाहीं, त्याच्या जागीं निराळे लेख आहेत. आणि कलिंग त्यानें परत दिला नाहीं. मन पालटलें, मुलूख राहिला. अशोकाची थोरवी ह्यानें उणी होत नाहीं, पण अंतःकरणाची शुद्धि पुरेशी आहे असें म्हणणाऱ्यांनीं ह्याचें उत्तर दिलें पाहिजे. कांटच्या दुसऱ्या कलमाची आठवण येथें होते, आणि कांटचा पक्ष सबळ वाटूं लागतो.

तरी माझा कौल सर्वस्वीं कांटकडे नाहीं, आणि त्याचें कारण उद्योगपर्व आहे. युद्धापूर्वीं धृतराष्ट्रानें संजयाला पांडवांकडे धाडलें. संजय शांततेची महती फार सुंदर सांगतो: कुलक्षय वाईट, जिंकून तरी काय सुख, युद्धानें राज्य मिळविण्यापेक्षां वृष्णि-अंधकांच्या देशांत भिक्षा मागून राहणें बरें. सर्व खरें, फक्त पांडवांचा वांटा देण्याविषयीं त्या निरोपांत कांहींच नाहीं. ज्याच्या हातीं दुसऱ्याचें धन आहे तो शांततेवर प्रवचन करतो, हा प्रसंग व्यासांनीं इतक्या थंडपणें लिहिला आहे कीं वाचणाऱ्याचा संताप आपोआप होतो. युधिष्ठिरानें पांच गांवांपर्यंत मागणें खालीं आणलें, पण शून्यापर्यंत आणलें नाहीं.

गंमत अशी कीं ह्या प्रसंगाची किल्ली कांटच्याच परिशिष्टांत आहे. ज्या धोरणाची उघड वाच्यता केली असतां तें फसतें, तें धोरण अन्यायाचें समजावें, असा प्रसिद्धीचा नियम तो देतो. संजयाचा निरोप ह्या कसोटीस लावून पाहावा. ‘कांहीं न देतां तुम्हीं गप्प राहावें’ हें धृतराष्ट्रास स्पष्ट म्हणतां येत नव्हतें, म्हणून शांततेचा अलंकार लागला. उलट कृष्णशिष्टाई भरसभेंत झाली; भीष्म, द्रोण, विदुर, देशोदेशींचे राजे, ऋषि, सर्व ऐकत होते. कृष्णाजवळ लपविण्यासारखें मागणें नव्हतें. (ती फसल्यावर कर्णाशीं रथांत एकांतीं जें बोलणें झालें तें मात्र ह्या नियमांत बसवितांना कांटला जड गेलें असतें.) सभेंतल्या उघड बोलण्यानेंही युद्ध टळलें नाहीं, हें खरेंच. तेव्हां प्रसिद्धीनें शांतता येते असें नव्हे. अन्याय कोणाकडे आहे हें तेवढें लपून राहत नाहीं. कांटच्या अकलवंत सैतानांचें राज्य येथें अपुरें पडतें, कारण दुर्योधनास अक्कल होती. कुलक्षय होईल हें त्याला सभेंत सर्वांनीं सांगितलें होतें, आणि तरी त्यानें सुईच्या अग्राएवढीही भूमि सोडली नाहीं. स्वतःच्या हानीचा हिशेब कळूनही जो हट्ट धरतो त्याच्यासाठीं कांटच्या चौकटींत खण नाहीं.

पहिल्या कलमाचा, म्हणजे मनांत राखून ठेवण्याचा, एक आधुनिक दाखला द्यावासा वाटतो. २९ एप्रिल १९५४ रोजीं तिबेटविषयीं भारत व चीन यांच्यामध्यें करार झाला, त्याच्या प्रस्तावनेंत पंचशील आलें. पांचही तत्त्वें निर्दोष आहेत, कांटनें आनंदानें सही केली असती. पण दोन देशांची सरहद्द कोणती, ह्या प्रश्नावर करारांत मौन होतें. कराराची मुदत आठ वर्षांची. ती संपली त्याच १९६२ सालच्या ऑक्टोबरांत युद्ध झालें. कोणीं काय मनांत ठेवलें होतें ह्याचा वाद इतिहासकार करोत. न बोललेला मजकूर हा तहाचा भाग असतो, एवढें कांटनें आधींच सांगितलें होतें.

१७९६ सालीं पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघाली, तींत कांटनें एक गुप्त कलम घातलें. गुप्ततेचा शत्रु गुप्त कलम लिहितो, हा विनोदच आहे: युद्धाच्या तयारींत असलेल्या राज्यांनीं शांततेच्या अटींविषयीं तत्त्वज्ञांचे विचार ऐकावे, पण राजांना प्रजेपाशीं सल्ला मागण्याची लाज वाटते म्हणून हें उघड करूं नये, तत्त्वज्ञांना मोकळेपणानें बोलूं दिलें कीं पुरे. ह्या विनोदामागें ताजी जखम होती. १ ऑक्टोबर १७९४ च्या राजाज्ञेनें त्याच्या धर्मविषयक लेखनाबद्दल त्याची कानउघाडणी झाली होती, आणि धर्मावर जाहीरपणें बोलणार नाहीं असें वचन त्यानें राजाला लिहून दिलें होतें. त्या वचनांत ‘महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन ह्या नात्यानें’ असे शब्द त्यानें हेतुपुरस्सर घातले होते. १७९७ सालीं फ्रेडरिक विल्यम वारला. १७९८ सालीं कांटनें तो पत्रव्यवहार छापला, आणि ते शब्द आपण त्या एका राजाच्या हयातीपुरतेच बांधले जावें म्हणून निवडले होते, असें स्वच्छ लिहून टाकलें.